शेजारचा ब्रेक

"जावईबापू, तुम्ही पुढे बसा," असं मास्तरीणबाई बोलून गेल्या आणि शब्द तोंडातून सुटल्यासरशी त्यांना कळलं, की आपण घात केला.

वावगं काही बोलल्या नव्हत्या. जावई ताडमाड उंच, मागे बसला की गुडघे हनुवटीला टेकायचे. त्यातून पुढच्या आठवड्यात दूरच्या शहरात कामावर निघालेला. अशा माणसाला मागे कोंबून आपण पुढे ऐसपैस बसायचं, हे कुठल्या सासूला शोभलं असतं? वर्षानुवर्षं जिभेवर बसलेलं वाक्य होतं, डोक्याला विचारायला थांबलं नाही. जावई "नको आई, तुम्ही बसा" म्हणत होता, तेवढ्यात लेक मागचं दार उघडत म्हणाली, "बस रे पुढे. आईला रोजच मिळतं. आज तरी बाबांच्या कानांना सुट्टी."

मास्तर मोठ्यानं हसले. "ऐकलंत का जावईबापू? गावाला गाडी शिकवली मी, आणि मला शिकवणारी ही एकच."

घरातला हा जुनाच विनोद होता. मास्तरीणबाई गाडीत बसल्या की अखंड बडबडतात, नवऱ्याला गाडी चालवू देत नाहीत, असं सगळे म्हणत. शेजारी म्हणत, मेहुणे म्हणत, पोटची पोर तर त्यांची नक्कलच करून दाखवायची. मास्तरीणबाईंनी तो विनोद कधी खोडून काढला नाही. तो त्यांच्या फार कामाचा होता.

मास्तरांची मोटार ड्रायव्हिंगची शाळा होती. निम्मं शहर त्यांच्या हाताखालून गेलेलं. डॉक्टर, वकील, बेकरीवाला, सगळ्यांनी पहिला गिअर त्यांच्या शिव्या खात टाकलेला. शाळा बंद केली तेव्हा पाटी उतरवली, गाड्या विकल्या, ही एक ठेवली. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकाऊ माणूस गडबडला की मास्तर तो दाबतो. या गाडीतला तो ब्रेक काढायचा राहून गेला होता. निदान लोकांना तसं सांगितलं जायचं.

खरी गोष्ट वेगळी होती आणि ती तिघांनाच माहीत होती. एक मास्तर, दुसऱ्या मास्तरीणबाई आणि तिसरा डोळ्यांचा डॉक्टर, ज्याच्या पायरीवर मास्तरांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. मास्तरांच्या नजरेच्या कडा शाबूत होत्या, मधला भाग गेला होता. डॉक्टरनं कागदावर वर्तुळ काढून समजावलं होतं. मधे काळा डाग दिसतो अशी लोकांची समजूत असते, पण तसं होत नाही. आजूबाजूला जे असेल तेच मेंदू मधे पसरून टाकतो. टेबलावरचा पेला नाहीसा झाला की तिथे टेबल दिसतं. रस्त्यातला माणूस नाहीसा झाला की तिथे रस्ता दिसतो.

"अंधार दिसला असता तर बरं झालं असतं," डॉक्टर म्हणाला होता. "माणूस आपणहून थांबतो. यांना रस्ता मोकळा दिसणार. गाडीची किल्ली काढून घ्या."

मास्तर दवाखान्यातून बाहेर आले आणि गाडी चालवत घरी गेले. पहिल्याच लाल दिव्याला मास्तरीणबाई किंचाळल्या. दुसऱ्या दिव्याला त्या म्हणाल्या, "काय मेला हा लाल दिवा, आपणच दिसतो याला." मास्तर थांबले आणि म्हणाले, "दिसतंय मला." तिथून ती रीत पडली. त्या कुरकुर करत आणि मास्तर त्या कुरकुरीवर गाडी चालवत. "तो स्कूटरवाला बघा कसा घुसतोय डावीकडून," "या बाईला आत्ताच रस्ता ओलांडायचाय," "पुढच्या ट्रकनं अर्धा रस्ता अडवलाय." प्रत्येक वेळी मास्तर उत्तर देत, "दिसतंय मला." आणि मास्तरीणबाईंचा पाय शेजारच्या ब्रेकवर असे. चपला काढून, अनवाणी. गाडी कशी चालवायची हे त्यांना आजतागायत माहीत नव्हतं, पण थांबवायची कशी हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

हे असंच शेवटापर्यंत रेटता आलं असतं, असं त्यांना कधी कधी वाटे. पण गेल्या आठवड्यात लेकीचा फोन आला. तिला सातवा महिना होता. "हा तिकडे गेला की मी तुमच्याकडेच येऊन राहते," ती म्हणाली. "वेळ आली की बाबाच नेतील दवाखान्यात. बाबांसारखी गाडी कोण चालवतं?"

"डोळे मिटून नेईन तुला," मास्तर म्हणाले होते.

लेक फोनवर हसली होती. मास्तरीणबाईंनी हातातली भाजी तशीच खाली ठेवली होती.

त्याच दिवशी त्यांनी मनाशी पक्कं केलं, की जावई जायच्या आत, सगळ्यांसमोर, हे सांगून टाकायचं. एकट्या नवऱ्यापुढे त्यांचा निभाव लागणार नव्हता. ते हसून उडवून लावणार, नाहीतर असे गप्प बसणार की माणसाला स्वतःचाच राग यावा. म्हणून जावयाला निरोप द्यायला बाहेर जेवायचं ठरलं, तेव्हा त्यांनी लगेच होकार दिला. जेवण झाल्यावर सांगू. भरल्या पोटी माणूस कमी चिडतो.

आणि आता त्या मागे बसल्या होत्या. समोर जावयाचे खांदे होते, कपाटाच्या फळीएवढे.

"ते पायाशी पेडल आहे ना," मास्तर जावयाला सांगत होते, "त्याला पाय लावू नका. शाळेची आठवण म्हणून राहू दिलंय."

"बरं, बाबा," जावई म्हणाला आणि त्यानं पाय जमतील तेवढे मागे घेतले.

*

शहर संपेपर्यंत फारसं बिघडलं नाही. रविवारची दुपार उतरणीला लागली होती, रस्ते रिकामे होते आणि हे रस्ते मास्तरांच्या हाडात मुरलेले होते. पुढची गाडी थांबली की तिचा आवाज बदलतो, तेवढ्यावर ते थांबत. मास्तरीणबाई दोन सीटच्या मधल्या फटीतून मान पुढे काढून बसल्या होत्या.

"अहो, तो पुढचा टेम्पो—"

"आई!" लेकीनं त्यांचा पदर धरून मागे ओढलं. "आज तरी गप्प बस गं. मला मळमळायला लागलंय तुझ्या कॉमेंट्रीनं."

"टेम्पो दिसतोय मला," मास्तर म्हणाले. टेम्पो तोवर वळून गेला होता.

मग महामार्ग आला. त्याचं रुंदीकरण चाललं होतं. दोन्ही बाजूंची झाडं तोडून ओंडके रचून ठेवले होते. पूर्वी जिथे पेट्रोल पंप होता तिथे विटांचा आणि वाकलेल्या सळयांचा ढीग होता. एक बाजू खणल्यामुळे जाणारी आणि येणारी वाहनं एकाच पट्ट्यातून आळीपाळीनं सोडत होते आणि त्या पट्ट्याच्या कडेनं नारिंगी पिंपं ओळीनं उभी केली होती. मास्तर पूर्वी याच रस्त्यावर पोरांना वेग शिकवायला आणत. त्यांनी तसाच वेग घेतला.

"रस्ता काय मस्त मोकळा आहे," ते म्हणाले.

जावयाच्या खांद्यापलीकडे त्यांना आभाळाचा एक तुकडा आणि पिंपांची ओळ तेवढी दिसत होती. ती ओळ सरळ नव्हती. ती आत वळत होती, आणि गाडी वळत नव्हती.

"अहो, पिंपं—"

"आई, प्लीज!"

गाडीनं खाडकन नाक खाली घातलं. लेक पुढच्या सीटवर आपटता आपटता हातावर तोलली गेली. बाजूनं काहीतरी दण्णकन लागलं, आरसा मिटून काचेवर आदळला आणि गाडी पिंपांना घासत, कशीबशी सरळ होत पुढे गेली.

"ब्रेकला पाय लागला वाटतं तुमचा," मास्तर म्हणाले.

"हो," जावई म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "लांब पाय आहेत. चुकून लागला."

"म्हणूनच सांगितलं होतं. पोटुशी बाई आहे गाडीत."

"चुकलंच माझं, बाबा."

लेक नवऱ्यावर उखडली. तो ऐकून घेत राहिला. मास्तरीणबाईंना त्याचा फक्त कान आणि मानेचा तुकडा दिसत होता. मानेवरून घामाचा एक ओघळ कॉलरमध्ये उतरत होता. गाडीत एसी चालू होता.

*

'पिवळी छत्री' ही त्या मुलखातल्या कुठल्याही मोठ्या रस्त्यावर सापडणारी हॉटेलं. छपरावर फायबरची भली मोठी पिवळी छत्री, आत लाल गाद्यांची बाकं, टेबलावर प्लास्टिकमध्ये मढवलेलं मेन्यूकार्ड. एका ठिकाणचं सूप दुसऱ्या ठिकाणच्या सुपासारखंच लागे, आणि लोक नेमकं तेवढ्याचसाठी जात. शहरातली शाखा बंद होऊन तिथे बुटांचं दुकान झालं होतं, म्हणून इतक्या लांब यायचं. लेक म्हणायची, "बाबांना काय त्या छत्रीचं वेड!" वेड नव्हतं. सगळ्या शाखा एका साच्यातून काढलेल्या असत. दार, त्याच्या उजव्या हाताला गल्ला, खिडकीला लागून बाकं, डाव्या हाताला बोळ आणि बोळाच्या टोकाला हात धुवायची जागा. आंधळ्यानंही वावरावं असं ते हॉटेल होतं, आणि मास्तर वावरत होते. इतर ठिकाणी ते आताशा जेवायला नाहीच म्हणत.

मास्तर आणि लेक पुढे गेले. जावई गाडीजवळ रेंगाळला. मास्तरीणबाई वळून आल्या, तेव्हा तो मिटलेला आरसा उघडत होता. आरशाच्या पाठीवर नारिंगी रंगाचा ओरखडा उमटला होता.

"पिंप होतं ना?" त्यांनी विचारलं.

"पिंपच होतं, आई."

"नक्की?"

जावयानं अंगठ्यानं तो रंग पुसून बघितला. पुसला गेला नाही. "पिंपामागे माणूस होता," तो म्हणाला. "हातात फळी घेतलेला. थांबा असं लिहिलेली. आपल्याकडे तोंड करून उभा होता, बाबांच्या अगदी समोर." तो थोडा थांबला. "उडी मारली त्यानं. मी आतल्या आरशात बघितलं, उठून उभा राहिला होता. बाहेरचा तर मिटलाच होता."

मास्तरीणबाईंनी गाडीच्या टपावर हात टेकला. पत्रा गरम होता.

"कधीपासून?" जावयानं विचारलं.

तेवढ्यात दारातून लेकीनं हाक मारली, "अगं, येताय का दोघं? सासू-जावयाचं काय गुलुगुलु चाललंय?"

*

मास्तर बाकाच्या आतल्या कोपऱ्यात बसले होते आणि मेन्यूकार्ड उघडून डोळ्यांपुढे धरलं होतं. वाढणारी मुलगी आली. त्यांनी कार्डावरून नजर न काढता सूप, कोंबडी, बटाटे, शेवटी आइस्क्रीम असं धडाधड सांगितलं.

"काका, कोंबडी ताटात देऊ की टोपलीत? टोपली नवीन आलीय, ही बघा, फोटो आहे."

"बघितली," मास्तर म्हणाले. "ताटातच दे."

मुलीनं त्यांच्या हातातलं उलटं धरलेलं कार्ड हलकेच घेतलं आणि सुलट करून ठेवलं. लेक त्या वेळी फोनमध्ये होती. जावई नव्हता, त्यानं ते बघितलं.

सूप आलं. मास्तर खुशीत होते. त्यांनी जावयाला नव्या कामाबद्दल विचारलं. जावई क्रेन चालवायचा, उंच इमारतींवरची. एरवी तो मितभाषी, "चाललंय" याच्यापलीकडे न जाणारा. आज त्यानं चमचा खाली ठेवला.

"या वेळी अवघड काम आहे," तो म्हणाला. "मी वर बसणार आणि माल उतरणार इमारतीच्या पलीकडच्या अंगाला. मला दिसणारच नाही."

"मग रे?" लेक म्हणाली.

"खाली एकजण उभा असतो वॉकीटॉकी घेऊन. तो सांगेल तसं करायचं. खाली घे, खाली घे, डावीकडे, अजून खाली. माझे डोळे म्हणजे तोच."

"म्हणजे आमच्या आईसारखा!" लेक खदखदून हसली. "दिवसभर कानात बडबड."

मास्तरही हसले. त्यांच्या चमच्यातलं सूप मेजावर सांडलं.

"तो एकसारखा बोलत राहतो," जावई पुढे सांगू लागला. तो लेकीकडे बघत नव्हता, मास्तरांकडेही नाही. तो मास्तरीणबाईंकडे बघत होता. "कारण नियम असा आहे, तो गप्प झाला की मी थांबायचं. त्याला ठसका लागला असेल, वॉकीटॉकी बिघडला असेल, काहीही असो. आवाज बंद झाला की हात जागच्या जागी. 'मला वाटतं रस्ता मोकळा आहे' असं म्हणायचं नाही."

"आणि नाही थांबलं तर?" मास्तरांनी विचारलं. आवाजात अजून हसू होतं, पण चमचा हवेतच राहिला होता.

"तर खाली कोण उभं असेल ते सांगता येत नाही, बाबा."

मास्तरांनी चमचा ठेवला, रुमालानं तोंड पुसलं. "हात धुऊन येतो," म्हणाले आणि उठले.

मास्तरीणबाई उठू लागल्या. लेक म्हणाली, "तू कुठे चाललीस? बाबा लहान आहेत का?"

मास्तर ताठ चालत होते. शाळेत पोरांना चालवत तसे, खांदे मागे टाकून. बाकांची रांग संपली तसे ते डावीकडे वळले, जसे सगळ्या पिवळ्या छत्र्यांमध्ये वळत. पण ही शाखा रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला बांधलेली होती आणि साचा उलटा बसवला होता. बोळ उजवीकडे होता. डावीकडे छतापासून जमिनीपर्यंत काच होती आणि काचेपलीकडे मोकळं आवार. मास्तर त्या मोकळ्या आवाराकडे पाऊल न अडखळता चालत गेले.

आवाज एवढा मोठा झाला की सगळ्या हॉटेलातल्या सुऱ्या थांबल्या.

वाढणारी मुलगी धावली. "काका! तिकडे नाही, काका! लागलं का?"

मास्तरांनी नाक हातात धरलं होतं. ते वळले, सगळ्या हॉटेलाकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "काचा फार स्वच्छ पुसता बुवा तुम्ही! एखाद्याचा जीव घ्याल!"

लोक हसले. सगळं हॉटेल सुटल्यासारखं हसलं. लेक तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "बाबा ना, काय सांगू तुला," ती नवऱ्याला म्हणाली, आणि त्याचा चेहरा बघून तिचं हसू जरा मंदावलं. "काय झालं रे? तू का तोंड पाडलंयस?"

"काही नाही," जावई म्हणाला. आणि मग हळूच, "आई, बोला."

मास्तरीणबाईंनी तोंड उघडलं. समोर लेक होती, पोटावर हात ठेवून बसलेली, अजून हसरी. मागून नवरा येत होता, वाढणाऱ्या मुलीच्या हाताला धरून, नाकपुडीशी रक्ताचा एक ठिपका, आणि त्या मुलीला काहीतरी गमतीचं सांगत होता. सगळं वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं. त्यांनी ते आठवडाभर घोकलं होतं.

"आइस्क्रीम सांगितलंय ना?" त्या म्हणाल्या.

*

बाहेर उजेड कलला होता. छपरावरच्या छत्रीत दिवे लागले होते आणि सगळं आवार कावीळ झाल्यासारखं पिवळं दिसत होतं.

"बाबा, जाताना मी चालवतो," जावई म्हणाला. "तुमच्या नाकाला लागलंय."

"नाकानं चालवत नाही मी गाडी," मास्तर म्हणाले. "आणि या गाडीला दुसऱ्याचा हात लागलेला नाही. लागलाय तो शिकाऊंचा. तुम्ही शिकाऊ आहात का?"

लेकीला आत जायचं होतं. आताशा तिला दर थोड्या वेळानं जावं लागे. जावई तिच्यासोबत दारापर्यंत गेला. "मी गाडी दाराशी आणतो," मास्तर म्हणाले. "पोरीला चालायला नको."

मास्तरीणबाई पुढे बसल्या. या खेपेला त्यांनी कुणाला विचारलं नाही. चपला काढल्या आणि अनवाणी पाय पेडलवर ठेवला. पेडल ओळखीचं होतं, रबर त्यांच्या तळव्यानंच झिजलेलं.

मास्तरांनी किल्ली फिरवली. इंजिन लागलं. ते थांबले. नेहमी या क्षणी मास्तरीणबाई म्हणत, "काय बाई गर्दी मागे," किंवा "चला, कुणी नाही ते बरं." मास्तर त्याची वाट बघत होते. वाट बघतोय हे न दाखवता, बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरून.

मास्तरीणबाई गप्प होत्या.

"छान झालं जेवण," मास्तर म्हणाले.

त्या गप्पच.

"अगं, बोल की काहीतरी. एवढी का घुम्यासारखी बसलीस?"

त्यांनी ओठ मिटून घेतले आणि पाय दाबला. पुरता, पत्र्याला टेकेपर्यंत.

मास्तरांनी गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीनं आचका दिला आणि बंद पडली.

गाडी बंद पाडली म्हणून ज्या माणसानं शेकडो लोकांना फैलावर घेतलं होतं, तो स्टिअरिंग धरून बसला. मग त्यानं पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा आचका, पुन्हा शांतता.

"पाय काढ," मास्तर म्हणाले.

"नाही."

"पाय काढ म्हणतो. मला दिसतंय."

"काय दिसतंय?" मास्तरीणबाईंचा आवाज त्यांनाच परका वाटला. "सांगा ना. आपल्या नाकासमोर काय आहे आत्ता?"

मास्तरांनी समोर बघितलं. बराच वेळ बघितलं. "भिंत आहे," ते म्हणाले. "पांढरी भिंत."

"आणि भिंतीपुढे?"

"काही नाही. भिंत."

"भिंतीपुढे तुमची पोर येऊन उभी आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "हात करतेय तुम्हाला."

मास्तर हलले नाहीत. मग त्यांनी स्टिअरिंगवरचा एक हात उचलला आणि हसऱ्या चेहऱ्यानं हलवला. लेक उभी होती तिथून बऱ्याच बाजूला, कचऱ्याच्या डब्याकडे.

लेकीचा वर गेलेला हात तसाच राहिला. तिनं डब्याकडे वळून बघितलं. तिथे कुणी नव्हतं.

*

लेकीला एवढंच सांगितलं, की बाबांचं नाक ठणकतंय. ती मागे बाबांशेजारी बसली. जावई चालवत होता. मास्तरीणबाई पुढेच होत्या आणि त्यांचा पाय अजून पेडलवर होता. जावयाला सगळं दिसत होतं, त्याच्यावर त्यांचा भरवसाही होता, पण पाय उचलला जात नव्हता.

बाहेर अंधारून आलं होतं. मास्तर खिडकीकडे तोंड करून बसले होते, बघत असल्यासारखे.

"आता पंप येईल," ते म्हणाले. "चिंचेच्या झाडानंतर."

"कुठला पंप, बाबा?" लेक म्हणाली. "तो तर केव्हाच पा—"

"गेला की आत्ता," मास्तरीणबाई पटकन म्हणाल्या. "दिवे लागलेत त्याचे."

"हां," मास्तर म्हणाले. "दिसले मला."

आरशात मास्तरीणबाईंची आणि लेकीची नजर भेटली. लेकीनं नजर काढून घेतली, बाबांकडे बघितलं, बाहेरच्या विटांच्या ढिगाऱ्याकडे बघितलं. तिचा हात पोटावर गेला आणि तिथेच राहिला. ती आता काहीतरी मोजत होती, सांधत होती. आजवरची सगळी बडबड तिला ऐकू येत असावी.

पुढे पिंपांची ओळ सुरू झाली. एक पिंप आडवं पडलेलं होतं. त्याच्याजवळ लुकलुकणारा दिवा लावला होता आणि दिव्याच्या उजेडात चमकत्या जाकिटातला एक माणूस 'थांबा' लिहिलेली फळी घेऊन उभा होता. दुसऱ्या हाताचं कोपर त्यानं फडक्यानं बांधलं होतं. समोरून येणाऱ्या गाड्या सोडायच्या होत्या म्हणून त्यानं फळी वर केली.

जावई थांबला. मास्तरीणबाईंचा पायही त्याच वेळी खाली गेला.

माणूस गाडीकडे बघत होता. आधी नुसतंच. मग तो दोन पावलं पुढे आला, वाकला आणि टॉर्च आरशाच्या पाठीवर धरला. नारिंगी ओरखडा लख्ख उजळला. तो सावकाश सरळ झाला आणि टॉर्चचा झोत काचेतून आत, चालवणाऱ्याच्या तोंडावर सोडला.

"का थांबलो?" मागून मास्तरांनी विचारलं.

जावई आणि लेक, दोघंही मास्तरीणबाईंच्या उत्तराची वाट बघत होते.

"समोर माणूस आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"कोण माणूस?"

"मगाशी होता तोच. आपण येताना तुमच्यासमोर उभा होता तो."

मास्तर खरोखरच विचारात पडले. त्यांनी तो रस्ता आठवून बघितला, जसा त्यांनी बघितला होता तसा.

"मगाशी?" ते म्हणाले. "मगाशी तर रस्ता मोकळा होता."

बाहेरच्या माणसानं टॉर्चच्या बुडानं काचेवर टकटक केलं. जावयानं काच खाली घ्यायला सुरुवात केली.